परांची चढण्याआधी: इमारतीच्या दुरुस्तीत घरटी कशी सांभाळायची

आमच्या इमारतीचं रंगकाम निघालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात झुल्यावरचा रंगारी दोर सोडत खाली आला आणि म्हणाला, "साहब, पाँचवें माले की डक्ट में साप है. फुसफुस करता है." सेक्रेटरींनी लगेच सर्पमित्राचा नंबर शोधायला घेतला. मी वर जाऊन बाथरूमच्या खिडकीतून बॅटरी मारली. पाइपांच्या बेचक्यात पत्त्यांतल्या बदामासारखी तीन पांढरी तोंडं डावीकडून उजवीकडे डोलत माझ्याकडे बघत होती आणि फुसफुसत होती. गव्हाणी घुबडाची पिल्लं. एक चांगलं मोठं, एक मधलं आणि एक अजून नुसता कापसाचा बोळा. घुबडाची मादी एकेक दिवसाआड अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून एकाच घरट्यात अशी जिन्यासारखी चढती भावंडं दिसतात.

ती तिन्ही पिल्लं उडून गेली. आम्ही केलं इतकंच, की त्या डक्टचं काम यादीत शेवटी टाकलं. ठेकेदाराला दोन दिवसांसाठी झुला पुन्हा लावावा लागला, त्याचे पैसे त्याने घेतले आणि ते सोसायटीने दिले. त्याआधी काही वर्षं, दुसऱ्या एका इमारतीत, मी यापेक्षा वाईट वागलो होतो. ते पुढे जाळीच्या ठिकाणी सांगतो.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे. घरटं वाचवायला लागतात ते काही आठवडे, आणि ते मिळतात फक्त परांची चढायच्या आधी. एकदा बांबू बांधले, माणसं रोजावर आली, की प्रत्येक दिवसाचे पैसे मोजले जातात आणि मग बुलबुलाच्या दोन पिल्लांच्या बाजूने कोणी बोलत नाही. म्हणून खाली जे काही लिहिलं आहे त्यातलं निम्म्याहून अधिक हे काम सुरू होण्याआधीचं आहे. आपल्या सोसायटीत रंगकाम, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर किंवा झाडांची छाटणी निघणार असेल आणि तुम्ही यात नवीन असाल, तर हे तुमच्यासाठी.

आधी महिना बघा

महाराष्ट्रात पक्ष्यांचा पूर्ण रिकामा महिना नाही. तरी शहरातल्या बहुतेक छोट्या पक्ष्यांची वीण फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते आणि पावसाळ्यात संपत जाते. दयाळ, बुलबुल, शिंजीर, साळुंकी, तांबट, पोपट ही सगळी मंडळी उन्हाळ्यात घरट्यात असतात. कावळा एप्रिल ते जून, म्हणजे पावसाच्या तोंडावर. सुगरण आणि मुनिया पाऊस पडल्यावर. बगळे, वंचक, पाणकावळे यांची झाडावरची वसाहत पावसाळ्यात भरते. घार मात्र हिवाळ्यातच काड्या गोळा करू लागते. गव्हाणी घुबडाला महिन्याचं बंधन नाही, आणि चिमणी जवळजवळ वर्षभर एखादी वीण काढतच असते.

यावरून निघणारा सोपा हिशेब असा: बाहेरच्या भिंतींचं काम दसऱ्यानंतर सुरू होऊन जानेवारीअखेर आटोपलं, तर सर्वांत कमी घरट्यांशी गाठ पडते. रंगाच्या दृष्टीनेही हाच काळ चांगला. भिंती वाळलेल्या असतात आणि ऊन करपवणारं नसतं. प्रत्यक्षात होतं काय, तर दिवाळीनंतर निविदा मागवतात, डिसेंबरात तीन दरपत्रकं येतात, दोन मीटिंगांत भांडणं होतात आणि काम सुरू होतं मार्चमध्ये. तेव्हा ज्याला पक्ष्यांची काळजी आहे त्याने गणपतीच्या सुमारासच दरपत्रकांचा विषय काढावा. कमिटीत हे सांगताना पक्ष्यांचं नाव घ्यायचीही गरज नाही. पावसाच्या आधी धावपळ नको, एवढं कारण पुरतं.

दोन सकाळी आणि एक संध्याकाळ

कामाच्या साधारण तीन-चार आठवडे आधी पाहणी करा. एकट्याने नको, दोघं-तिघं घ्या. त्यात एखादी आजी किंवा दिवसभर घरात असणारं कोणीतरी हवंच, कारण "आमच्या एसीमागे रोज कुणीतरी किचकिच करतं" ही माहिती कुठल्याही दुर्बिणीतून मिळत नाही. इमारतीच्या चारही बाजूंचा कागदावर साधा आराखडा काढा: मजले आडवे, खिडक्या उभ्या. सकाळी सात ते साडेआठ एका बाजूसमोर खुर्ची टाकून बसा. दुसऱ्या सकाळी उरलेल्या बाजू. संध्याकाळी अंधार पडताना गच्ची आणि डक्ट.

बघायचं काय? पक्षी कुठे जातो त्यापेक्षा चोचीत काय घेऊन जातो ते बघा. गवत, काडी, पीस असेल तर घरटं बांधणं चालू आहे. अळी किंवा किडा घेऊन पुन्हा पुन्हा एकाच भोकात शिरत असेल तर आत पिल्लं आहेत. बाहेर येताना चोचीत चुन्यासारखी पांढरी, ओली गुठळी दिसली तर मग शंकाच नको. ती पिल्लांची शी असते. पातळ पापुद्र्यात बांधलेली असल्यामुळे आईबाप ती अलगद उचलून लांब नेऊन टाकतात. दयाळाच्या नराला हे करताना एकदा बघा. गाणं म्हणणारा हा देखणा गडी तोंडात ते गाठोडं घेऊन इतक्या गंभीरपणे उडतो, की हसू येतं.

घुबडाची खूण जमिनीवर सापडते. छज्जाखाली किंवा डक्टच्या तळाशी अंगठ्याएवढ्या, करड्या-काळ्या गोळ्या पडलेल्या असतात. एक उचलून मोडा: आत उंदराचे केस आणि बारीक हाडं, कधी अख्खी कवटी. पचत नाही ते घुबड ओकून टाकतं. भिंतीवर पांढरे ओघळ असतात. आणि रात्री ती फुसफुस, जिला लोक साप, भूत, गळका पाइप असं काहीही समजतात.

कुठे बघायचं ते इमारतीवर ठरतं. जुन्या कौलारू घराला वळचण होती, आढं होतं, कोनाडे होते. चिमण्या तिथे राहायच्या. सिमेंटच्या इमारतीत त्यांनी पर्याय शोधले: बांधकामाच्या वेळी बांबू रोवलेली आणि नंतर नीट न बुजवलेली परांचीची भोकं, एसीच्या पाइपासाठी पाडलेली भोकं, मीटरच्या पेट्या, दुकानाच्या शटरचा वरचा डबा, बंद ट्यूबलाइटची पट्टी. शिंजीर बाल्कनीतल्या वायरीला किंवा तुळशीमागच्या कपड्यांच्या दोरीला लोंबतं घरटं बांधतो. लांबून ते कोळिष्टकं लागलेला कचरा वाटतो आणि झाडूने जातो. पाकोळ्या पार्किंगच्या छताला, स्लॅबच्या कोपऱ्यात, गवत आणि पिसं लाळेने चिकटवून एकाला एक लागून घरटी करतात. पिंगळा भिंतीच्या मोठ्या भोकात किंवा झाडाच्या ढोलीत. घार पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्यावर किंवा शेजारच्या उंच झाडावर.

सापडलेली प्रत्येक जागा आराखड्यावर खुणेने मांडा. घरट्यात डोकावू नका, मोबाइल काठीला बांधून आत घालू नका. तुम्ही जिथे डोकावता तिथे कावळ्याचं लक्ष असतं.

आणि घुबडाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. हे मी हात जोडून सांगतो. दिवाळीच्या अमावस्येच्या सुमारास काळ्या जादूसाठी घुबडं धरली जातात, विकली जातात. पत्ता तुम्हीच जाहीर करू नका.

किती दिवस थांबायचं, हा कमिटीचा खरा प्रश्न

"पक्ष्यांसाठी काम थांबवायचं का?" असं कोणीतरी विचारणारच. उत्तर आकड्यांत द्या, लोक ऐकतात. चिमणी, बुलबुल, दयाळ यांना पहिल्या अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण चार आठवडे लागतात. शिंजीराला महिना, थोडं वरखाली. कबुतराला सहा-सात आठवडे. पिंगळ्याला आणि पाकोळीला दोन महिने धरा. गव्हाणी घुबड आणि घार तीन महिन्यांच्या घरात. हे अंड्यापासूनचे दिवस झाले. तुम्हाला घरटं सापडतं तेव्हा बहुतेक वेळा निम्मा काळ उलटलेला असतो. पिल्लांना पिसं फुटली असतील तर बुलबुलासाठी आठवडाभर पुरतो.

आठ मजली इमारतीचं बाहेरचं काम दोन-तीन महिने चालतंच. त्यात एक खिडकीपट्टी शेवटी घेणं म्हणजे काम थांबवणं नव्हे. आराखड्यावर बोट ठेवून दाखवा: पूर्वेची बाजू आधी, ही पट्टी सोडून, मग उत्तर, पश्चिम, शेवटी परत इथे. बहुतेक वेळा चर्चा इथेच मिटते.

न मिटणारी एक परिस्थिती आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, आणि त्यात एखादा छज्जा पडायला आला आहे असं निघालं तर तो उतरवावाच लागतो. माणसाच्या डोक्यावर स्लॅब लोंबकळत ठेवून घरटं वाचवा असं मी म्हणणार नाही. अशा वेळी वनखात्याला कळवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, त्यांच्या माणसांकडून पिल्लं हलवायची. स्वतः हलवायची नाहीत.

मुकादम आणि झुल्यावरचा माणूस

वर्क ऑर्डरमध्ये तीन वाक्यं घाला. वापरातलं घरटं दिसलं तर त्या जागेचं काम थांबवून सोसायटीला कळवावं. त्या जागेचं काम नंतर करण्यासाठी झुला किंवा परांची पुन्हा लावण्याचा दर आधीच ठरलेला असावा. डक्ट, भोकं किंवा जाळी बंद करण्याआधी सोसायटीच्या माणसाने आत पाहून सही करावी. दुसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. दर आधी ठरला नसेल तर ठेकेदार ऐन वेळी वाटेल तो आकडा सांगतो आणि कमिटी म्हणते, जाऊ दे, काढून टाका.

पण कागद मुकादमाच्या खिशात राहतो. घरटं बघतो तो झुल्यावरचा माणूस, चाळीस फुटांवर, एका हातात ब्रश धरून. तो बहुधा बिहार, बंगाल किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो आणि गावाकडे त्याने आपल्यापेक्षा जास्त घरटी पाहिलेली असतात. त्याला घरट्याची कीव नसते असं अजिबात नाही. त्याला भीती असते ती दिहाडी बुडण्याची. घरटं दाखवलं तर काम थांबेल, काम थांबलं तर पैसे कापले जातील. म्हणून तो गुपचूप प्लास्टरचा हात फिरवतो. काम सुरू होण्याच्या दिवशी चहा पाजून सगळ्यांसमोर, मुकादमाच्या देखत, एवढंच सांगा: "घोंसला दिखे तो फोटो भेजो, उस दिन का पैसा नहीं कटेगा, दूसरी साइड पे काम मिलेगा." हे वाक्य मुकादमाकडून वदवून घेता आलं तर अधिक चांगलं.

घरट्यामागे बक्षीस मात्र लावू नका. मी एकदा पन्नास रुपये कबूल केले होते. दोन दिवसांत मुलं दर भोकात हात घालून घरटी शोधू लागली.

काम चालू असताना

अंतराचा माझा ठोकताळा असा: छोट्या पक्ष्याच्या घरट्यापासून एका खोलीएवढं अंतर सगळ्या बाजूंनी सोडायचं. घुबड असेल तर ती डक्ट पूर्ण, आणि रात्री त्या बाजूला हॅलोजन नको. घारीचं घरटं गच्चीला लागून असेल तर पिल्लं उडेपर्यंत गच्चीचं काम काढूच नका. घार पाठीमागून येते, डोक्यावर पंजा मारते, आणि टाकीच्या शिडीवर चढलेल्या माणसाचा तोल जाऊ शकतो. इथे पक्ष्याइतकीच माणसाची काळजी आहे.

छिन्नी-हातोडा आणि ब्रेकर यांची ठोकाठोकी सर्वांत त्रासदायक. नुसता रंगाचा ब्रश बहुतेक पक्षी सहन करतात, रंगारी थोड्या वेळात पुढे सरकला तर. ठोकाठोक करायची असेल तर एकदम तासनतास नको. थोडं काम, मग मोकळा वेळ. आईबाप चारा घेऊन तारेवर बसून राहिलेले आणि आत जात नाहीत असं दिसलं, तर समजा तुम्ही फार जवळ आहात. अर्धा तास मागे सरका आणि बघा. पाण्याचा जोराचा फवारा भोकांवर मारू नका.

परांचीवरून सोडलेली हिरवी जाळी हा आणखी एक सापळा. आतल्या पिल्लांपर्यंत आईला पोहोचता येत नाही. घरट्यासमोर जाळीला खिडकी पाडा, दोन हात रुंद, कडा सुतळीने मागे बांधून. मी हे दयाळासाठी केलं होतं. मादी दोनेक तास समोरच्या वायरीवर शेपूट वर-खाली करत बसली, तीन वेळा खिडकीपर्यंत येऊन परत फिरली आणि चौथ्यांदा आत गेली. त्यानंतर ती खिडकीच तिची वाट झाली.

जाळी

आता माझी चूक. त्या जुन्या इमारतीत पार्किंगच्या छताला पाकोळ्यांची वसाहत होती. खाली गाड्यांवर घाण पडायची, म्हणून तक्रारी. कबुतरांची जाळी लावणारा आलाच होता, त्याला आम्ही पार्किंगचंही काम सांगितलं. दुपार होती. छतापाशी एकही पक्षी दिसत नव्हता, तेव्हा मी म्हणालो, रिकामं आहे, लावा. पाकोळी दिवसभर हवेत असते हे मला माहीत होतं आणि तरी त्या क्षणी सुचलं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी त्या परतल्या. शंभरेक असतील. जाळीवर आपटत, चिरकत, फिरून परत येत राहिल्या. आतून पिल्लांचा आवाज येत होता. रात्री शिडी आणून जाळीचा एक पदर सोडला. सकाळी खाली दोन पिल्लं मेलेली होती.

तर जाळीसाठी नियम. पाकोळीच्या घरट्यांना वर्षातला कुठलाही महिना "रिकामा" समजू नका. वीण नसली तरी त्या तिथेच झोपायला येतात. तक्रार घाणीची असेल तर छताखाली एक आडवी फळी किंवा प्लास्टिकचा पत्रा ठोका, वसाहतीपासून हातभर खाली नाही, चांगला खाली, म्हणजे त्यांना झेप घ्यायला जागा राहील. कबुतरांसाठी डक्टला जाळी लावायचीच असेल तर आधी तळापासून वरपर्यंत पाहणी करा. अंडी-पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा. मग सकाळी सगळी बाहेर पडल्यावर लावा आणि त्याच संध्याकाळी व दुसऱ्या दिवशी आत कोणी अडकलं नाही ना ते बघा. कबुतरं कोणालाच नको असतात, मलाही फारशी नको आहेत. पण जाळीमागे जिवंत कोंडलेली पिल्लं चार दिवसांत काय वास देतात ते एकदा अनुभवलेली सोसायटी पुन्हा घाई करत नाही. सैल, लोंबती जाळी कधीच नको. घुबड, वटवाघूळ तिच्यात गुरफटतात. ताणून बसवा आणि फाटली की लगेच शिवा.

झाडांची छाटणी

दरवर्षी पावसाळ्याच्या आधी छाटणीची लाट येते आणि ती बरोबर कावळ्याच्या वीणीवर आदळते. कावळ्याच्या घरट्यात कधी कोकिळेचंही अंडं असतं, म्हणजे एका फांदीबरोबर दोन घरं जातात. हरियाल, आपला राज्यपक्षी, मार्चनंतर इतक्या मोजक्या काड्यांचं घरटं करतो की खालून अंडं दिसावं. फांदी हलली की संपलं.

दोन गोष्टी नवख्यांच्या लक्षात येत नाहीत. पहिली, वाळलेली फांदी. "ती तर सुकलीये, काढून टाका" म्हणताना त्या फांदीच्या खालच्या अंगाला छोटं गोल भोक आहे का बघा. तांबट नेमकी अशीच मेलेली, भुसभुशीत फांदी कोरतो, आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून दार खालच्या बाजूला ठेवतो. दुसरी, मोठ्या झाडाची ढोली. पुण्या-मुंबईत जुन्या वड-पिंपळावर राखी धनेश आहेत. मादी ढोलीत शिरून दार आतून लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर बाहेरून फळं भरवत राहतो. झाडाशी आठवडाभर माणसांची वर्दळ राहिली आणि नर बुजला, तर आतल्या कुटुंबाची उपासमार होते. मार्च ते जून मोठ्या ढोलीच्या झाडाला हात लावण्याआधी दोन सकाळी बसून बघाच.

परवानगीशिवाय शहरात झाड तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे. छाटणीसाठीही पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. अर्जातच लिहा की झाडावर घरटी आहेत, अमुक महिन्यानंतर छाटणी द्यावी. झाडावर तोडणीची नोटीस चिकटलेली दिसली तर हरकत नोंदवताना घरट्याचा तारखेसह फोटो जोडा. भावनिक निबंधापेक्षा तो फोटो उपयोगी पडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंदीकरणासाठी एक झाड पाडलं आणि त्याच्याबरोबर घरट्यांतली पिल्लं जमिनीवर आपटून मेली. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि वनखात्याने गुन्हा दाखल केला. ज्यांनी झाड पाडलं त्यांनी वर मान करून बघितलं असतं तर पक्षी दिसतच होते.

मोकळा प्लॉट आणि रेतीचा ढीग

नवीन बांधकाम निघतं तिथे घरटी वर नसतात, पायाखाली असतात. टिटवी उघड्या खडीवर चार अंडी घालते, टोकं आत, मातकट रंगावर काळे डाग. तीन फुटांवरून दिसत नाहीत. टिटवी कुठे अंडी घालते त्यावरून पाऊस सांगणारे जुने शेतकरी अजून आहेत. साइटवरचे इंजिनिअर मात्र तिच्या ओरडण्याला कंटाळतात, आणि नेमकं ते ओरडणंच तिचा पत्ता असतो. ती डोक्यावर घिरट्या घालत "टी-टी-टिव्" करत असेल तर जिथे आहात तिथेच थांबा आणि पायाशी बघत मागे या. भर दुपारी ती पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, तेवढाच गारवा. चार काठ्या रोवून, चुन्याची रेघ मारून, डंपरवाल्यांना दाखवा. अंडी हलवू नका. साधारण चार आठवड्यांत पिल्लं निघतात आणि निघाल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात, मग तुमचा प्लॉट मोकळा.

बरेच दिवस न हललेल्या रेतीच्या ढिगात किंवा पायाच्या खणलेल्या उभ्या कडेत वेडा राघू बीळ करतो. भोकापाशी ओल्या मातीचा ताजा कीस दिसतो. असा ढीग एका बाजूने वापरा, बिळाची बाजू शेवटी. फेब्रुवारीआधीच रेती ताडपत्रीने झाकून ठेवली तर हा प्रश्नच येत नाही. जुन्या दगडांच्या राशी, पडक्या भिंती जेसीबीने उचलण्याआधी एक दिवस हाताने वरचे दगड हलवा, एका बाजूने वाट मोकळी ठेवा. घोरपड, धामण, नाग यांना निघून जायला वेळ मिळतो. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतली आहे, तिला मारणं किंवा पकडणं हा गंभीर गुन्हा.

गडांवर श्रमदानाला जाणाऱ्यांसाठी दोनच ओळी. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, आणि डागडुजीचा उत्साह वाढतो आहे. पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय काही करू नका. जानेवारी ते मे कड्यावरची, बुरुजावरची झुडपं काढणं टाळा, कारण तिथल्या कपारींत शाहीन ससाण्यापासून पाकोळ्यांपर्यंत बरेच जण बसलेले असतात.

पिल्लू खाली पडलं तर

अंगावर पिसं असलेलं, उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा पडलेलं नसतं, ते उडायला शिकत असतं. मांजर-कुत्र्यापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. आईबाप जवळच असतात. उघडं, गुलाबी पिल्लू असेल आणि घरटं हाताशी असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे खरं नाही. घरटंच मोडलं असेल तर एक छोटी टोपली घ्या, पाणी निघून जायला तळाला भोकं ठेवा, जुन्या घरट्याचं गवत आत घाला आणि शक्य तितकं त्याच जागी घट्ट बांधा. दोन तास लांबून लक्ष ठेवा.

पाकोळी जमिनीवर सापडली तर तिचे पाय इतके आखूड की तिथून उडणं तिला जड जातं. जखम नसेल तर तळहातावर घेऊन उंच, मोकळ्या जागी हात धरून उभे राहा. ती स्वतः झेपावेल. हवेत फेकू नका.

दूध-पाव भरवू नका, चोचीत थेंबथेंब पाणी सोडू नका, ते फुप्फुसात जातं. भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी ठेवून वाढवणं हा गुन्हा आहे, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

कायदा, गरजेपुरता

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही तिच्यात येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा याहून कडक. हे वाक्य मी कमिटीसमोर शेवटी काढतो, आणि तेही आवाज न चढवता. आधी काढलं तर लोक तुमच्या विरोधात जातात आणि पुढच्या वेळी घरटं सापडल्याचं तुम्हाला सांगत नाहीत.

भोकं बुजवताना

काम संपत आलं की ठेकेदार सगळी भोकं सिमेंटने लिंपत सुटतो. लिंपण्याआधी काडी घालून बघा. आणि सगळी लिंपू नका. पाणी आत मुरत नसेल अशी, छज्जाच्या सावलीतली दोन-चार परांचीची भोकं चिमण्यांसाठी राहू द्या. बुजवावीच लागली तर त्याच जागी लाकडी पेटी लावा, बाहेरून रंगाच्या हातातच रंगवून, आतून कोरी. पेटीचं भोक सव्वा ते दीड इंचाचं. मोठं केलं तर साळुंकी घेते, आणि बाहेर दांडी बसवली तर कावळ्याला उभं राहायला जागा होते. पश्चिमेच्या उन्हात लावू नका. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून सुरू झाला. त्या दिवशी पेट्या फुकट वाटतात आणि बऱ्याच पेट्या पश्चिमेच्या ग्रिलला उन्हात टांगलेल्या राहतात.

आमच्या पाचव्या मजल्याच्या डक्टला आता खाली जाळी आहे आणि वर, घुबडाच्या बाजूला, दीड फुटाची मोकळी जागा. प्लंबरला ती आवडत नाही. दरवर्षी तो विचारतो, बंद करू का, आणि मी त्याला तळाशी पडलेल्या गोळ्या दाखवतो.